एव्हर्टनचे नऊ नंबर आणि त्यांना बॉल पुरवणारे

एव्हर्टन या लिव्हरपूल शहरातल्या फुटबॉल क्लबच्या मोठ्या खेळाडूंची यादी करायला घेतली की ती हळूहळू सेंटर फॉरवर्डांचीच, म्हणजे सगळ्यांत पुढे मधोमध खेळून गोल मारणाऱ्यांचीच, यादी होऊन बसते. डीन, लॉटन, हिक्सन, रॉयल, लॅचफर्ड, शार्प, ग्रे. लिव्हरपूल शहराच्या निळ्या, म्हणजे एव्हर्टनच्या, बाजूला सेंटर फॉरवर्डच्या नऊ नंबरच्या शर्टाला जो मान आहे, तसा इंग्लंडमध्ये फार तर न्यूकॅसलला असेल. माझी तक्रार एवढीच की ही यादी अर्धी आहे. यातल्या बहुतेकांचे गाजलेले गोल डोक्याने झाले आहेत, आणि डोक्याने गोल मारायचा तर आधी कुणीतरी बॉल त्या उंचीला, त्या क्षणी आणून द्यावा लागतो. म्हणून या लेखात प्रत्येक नऊ नंबरच्या शेजारी त्याला बॉल पुरवणाऱ्याचंही नाव आहे.

सुरुवात अर्थातच विल्यम राल्फ डीनपासून. जन्म १९०७, मर्सी नदीच्या पलीकडचं बर्कनहेड. जग त्याला डिक्सी म्हणायचं, त्याला स्वतःला बिल म्हटलेलं आवडायचं. ट्रॅनमिअर रोव्हर्सकडून मार्च १९२५ मध्ये ३,००० पौंडांना तो गुडिसन पार्कवर, एव्हर्टनच्या तेव्हाच्या मैदानावर, आला. पुढच्याच वर्षी उन्हाळ्यात मोटरसायकलच्या अपघातात त्याची कवटी आणि जबडा दोन्ही मोडले. तो पुन्हा खेळेल याची खात्री नव्हती. त्यानंतर दोन वर्षांच्या आत, १९२७-२८ च्या हंगामात, त्याने लीगच्या ३९ मॅचमध्ये ६० गोल मारले. हा विक्रम आजही कायम आहे.

हा आकडा कसा शक्य झाला हे समजायला १९२५ चा ऑफसाइडचा बदल माहीत असायला हवा. त्याआधी बॉल पास होताना आक्रमक आणि गोललाइन यांच्यामध्ये प्रतिस्पर्ध्यांचे किमान तीन खेळाडू लागायचे, नाहीतर तो ऑफसाइड ठरायचा. त्यामुळे मागच्या दोन बचावपटूंपैकी एक फुलबॅक पुढे सरकून सापळा लावायचा, दुसरा मागे राखणीला राहायचा, आणि सापळा फसला तरी नुकसान होत नसे. नवीन नियमाने तीनाचे दोन झाले. आता पुढे सरकलेला फुलबॅक चुकला की मागे फक्त गोलकीपर उरायचा. पहिल्या, म्हणजे सर्वांत वरच्या, डिव्हिजनमधले गोल एका हंगामात १,१९२ वरून १,७०३ वर गेले. यावरचा उपाय म्हणजे सेंटर हाफला, मधल्या फळीच्या मधोमध खेळणाऱ्याला, मागे ओढून दोन फुलबॅकांच्या मध्ये उभं करणं. आर्सेनलचा मॅनेजर हर्बर्ट चॅपमन ते करत होता, पण बाकीच्या अनेक क्लबांना ते जमवायला वेळ लागला. डीन नेमका त्या मधल्या काळात ऐन भरात होता. याने त्याचं श्रेय तसूभरही कमी होत नाही, कारण ती मोकळी जागा डिव्हिजनमधल्या प्रत्येक सेंटर फॉरवर्डला मिळत होती आणि साठपर्यंत पोचला तो एकटाच. आधीचा विक्रम मिडल्सब्रोच्या जॉर्ज कॅमसेलचा होता, ५९ गोल, तेही दुसऱ्या डिव्हिजनमध्ये.

शेवटच्या दिवशी, ५ मे १९२८ रोजी, गुडिसनवर आर्सेनलविरुद्ध उतरताना डीनच्या नावावर ५७ गोल होते. विजेतेपद आधीच पक्कं झालं होतं, प्रश्न फक्त या तीन गोलांचा होता. आर्सेनलने पहिल्या काही मिनिटांतच आघाडी घेतली. डीनने लगेच बरोबरी केली, मग पेनल्टीवर दुसरा मारला. आर्सेनलने पुन्हा बरोबरी साधली आणि वेळ सरत चालली. आठेक मिनिटं उरली असताना डावीकडून ॲलेक ट्रूपने कॉर्नर घेतला आणि गर्दीतून उठलेल्या डीनने तो डोक्याने आत घातला. त्यानंतर आर्सेनलने मॅच ३-३ केली, पण ते कुणाच्या लक्षात राहिलं नाही.

आता हा ट्रूप. डंडीहून आलेला स्कॉटिश डावा विंगर, म्हणजे कडेने धावून गोलसमोर क्रॉस टाकणारा, उंची पाच फूट पाच इंचांच्या आसपास, खांदा इतका नाजूक की शर्टाच्या आत पट्टी बांधून खेळायचा. त्या काळचा बॉल चामड्याचा, वर वादीची शिवण. नियमाप्रमाणे मॅच सुरू होताना त्याचं वजन १३ ते १५ औंस असायचं, पण पावसात चामडं पाणी प्यायचं आणि बॉल बराच जड व्हायचा. असा बॉल पेनल्टी स्पॉटच्या आसपास, धावत येणाऱ्याच्या कपाळाच्या उंचीला टाकायचा म्हणजे पायात नुसती ताकद असून भागत नाही. क्रॉस फार उंच गेला तर गोलकीपर बाहेर येऊन मुठीने मारतो, फार सपाट आला तर पहिलाच बचावपटू अडवतो. दोन्हीच्या मधली ती पट्टी ट्रूपला सापडली होती. त्या हंगामात एव्हर्टनने लीगमध्ये १०२ गोल केले, त्यातले ६० एकट्या डीनचे. उरलेल्यांनी काय केलं असं कुणी विचारलं तर उत्तर हे आहे की ते डीनला बॉल देत होते.

डीनची उंचीही अवाजवी नव्हती, पाच फूट दहा इंच. त्याची खासियत होती ती उडी मारायच्या वेळेची. क्रॉस पायातून सुटायच्या आधीच तो कुठे पडणार हे ओळखून दोन पावलं मागे थांबायचं, मग धावत येऊन एका पायावर उडी घ्यायची. जागेवरून दोन्ही पायांनी उडी मारणारा बचावपटू तिथेच हरतो, कारण धावण्याचा वेग उडीत मिसळतो. बॉल कपाळाच्या सपाट भागावर घ्यायचा, मान ताठ ठेवायची आणि शक्यतो खाली मारायचा. गोललाइनच्या अलीकडे टप्पा पडणारा हेडर गोलकीपरला सगळ्यांत अवघड जातो.

पुढचं थोडक्यात. १९३० मध्ये एव्हर्टन पहिल्यांदा दुसऱ्या डिव्हिजनमध्ये घसरला. लगेच पुढच्या हंगामात १२१ गोल करून वर आला आणि त्याच्या पुढच्या, १९३१-३२ च्या हंगामात ११६ गोल करून थेट विजेता झाला. १९३३ च्या एफए कपच्या, म्हणजे लीगपासून वेगळ्या बाद फेरीच्या स्पर्धेच्या, फायनलमध्ये मँचेस्टर सिटीला ३-० हरवलं. शर्टांवर आकडे असलेली ती पहिलीच कप फायनल. एव्हर्टनला १ ते ११, सिटीला १२ ते २२. डीनच्या पाठीवर ९ होता, आणि नऊ नंबरची परंपरा म्हणतात ती अक्षरशः त्या दिवशी सुरू झाली. एव्हर्टनसाठी लीगमध्ये ३९९ मॅच, ३४९ गोल. १ मार्च १९८० रोजी गुडिसनवर लिव्हरपूलविरुद्धची मॅच पाहताना त्याला हृदयविकाराचा झटका आला आणि तो तिथेच गेला.

डीनची जागा घ्यायला १९३६ च्या शेवटच्या दिवशी बर्नलीहून ६,५०० पौंडांना टॉमी लॉटनला आणलं गेलं, तेव्हा तो १७ वर्षांचा होता. स्वतःची जागा घ्यायला आलेल्या पोराला डीनने हाताशी धरून शिकवलं, आणि हे मला डीनच्या साठ गोलांइतकंच मोठं वाटतं. लॉटन लागोपाठ दोन हंगाम डिव्हिजनमध्ये सर्वाधिक गोल करणारा ठरला आणि १९३८-३९ मध्ये एव्हर्टन विजेता झाला. संघ तरुण होता. मागे टी. जी. जोन्स, बॉल नुसता बाहेर न भिरकावता पायात घेऊन बाहेर येणारा वेल्श सेंटर हाफ, आणि मधल्या फळीत जो मर्सर. पुढचा हंगाम तीन मॅचनंतर थांबला. युद्ध सुरू झालं होतं. लॉटनच्या नावावर एव्हर्टनसाठी लीगच्या ८७ मॅचमध्ये ६५ गोल उरले, आणि युद्ध संपता संपता तो चेल्सीला गेला. हे एव्हर्टनच्या बाबतीत दुसऱ्यांदा घडलं होतं. १९१४-१५ च्या विजेत्या संघात बॉबी पार्करने ३५ मॅचमध्ये ३६ गोल मारले होते, आणि त्यानंतरही लीग बंद पडली होती.

पन्नासच्या दशकात क्लबची अवस्था साधारणच. तरी डेव्ह हिक्सनचं नाव टाळता येत नाही. १९५३ च्या एफए कपमध्ये मँचेस्टर युनायटेडविरुद्ध डोकं फुटून रक्त वाहत असताना तो मैदानात परतला, त्याच डोक्याने पुन्हा बॉल घेत राहिला आणि २-१ चा विजयी गोल त्यानेच केला. पुढे तो लिव्हरपूललाही खेळला. तरी निळ्या बाजूने त्याच्यावरची माया कधी सोडली नाही.

साठचं दशक या सूत्रात पूर्ण बसत नाही, आणि म्हणूनच ते मला आवडतं. ॲलेक्स यंगसारखा हलक्या पायाचा नऊ नंबर एव्हर्टनला आधी कधी मिळाला नव्हता. हार्ट्सहून आलेला हा स्कॉटिश खेळाडू बॉल थांबवायचा असा की धक्काबुक्की करायला आलेल्या सेंटर हाफला पुढे काय करावं तेच कळू नये. १९६२-६३ च्या विजेतेपदात त्याचे २२ आणि रॉय व्हर्ननचे २४ गोल होते. १९६६ च्या कप फायनलमध्ये शेफिल्ड वेन्सडेविरुद्ध ०-२ वरून ३-२ असा विजय मिळाला. दोन गोल माइक ट्रेबिलकॉकचे, ज्याला फ्रेड पिकरिंगच्या जागी घेतल्यावर सगळे चकित झाले होते, आणि तिसरा डेरेक टेंपलचा. कप उचलला ब्रायन लॅबोनने. आयुष्यभर एकाच क्लबसाठी खेळलेला सेंटर हाफ, स्वच्छ टॅकल करणारा. तेव्हाचा मॅनेजर हॅरी कॅटरिक त्याला शेवटचा कॉरिंथियन, म्हणजे जुन्या हौशी खेळाडूंसारखा खिलाडूवृत्तीचा, म्हणायचा.

मग आलं ते त्रिकूट. ॲलन बॉल, हॉवर्ड केंडल, कॉलिन हार्वी. ॲलन बॉल वर्ल्ड कप जिंकून दोनच आठवडे झाले होते तेव्हा ब्लॅकपूलहून १,१०,००० पौंडांना आला. केंडल १९६७ मध्ये प्रेस्टनहून. हार्वी लिव्हरपूल शहरातलाच, क्लबच्याच पोरांमधून वर आलेला. कामाची वाटणी अशी सांगता येईल: केंडल बॉल जिंकायचा, हार्वी तो पुढे न्यायचा, ॲलन बॉल शेवट करायचा. प्रत्यक्षात तिघंही तिन्ही कामं करायचे, आणि खरी गोष्ट ती होती. तिघांमधलं अंतर कधीच फार वाढायचं नाही. बॉल ज्याच्या पायात, त्याला दोन बाजूंना दोन छोटे पास कायम उपलब्ध. एकाला दाबायला गेलात की दुसरा मोकळा. १९६९-७० मध्ये ४२ पैकी २९ मॅच जिंकून, विजयाला दोन गुण असण्याच्या काळात ६६ गुण मिळवून, लीड्सपेक्षा नऊ गुणांनी पुढे राहून एव्हर्टन विजेता झाला. विजेतेपद १ एप्रिल १९७० रोजी वेस्ट ब्रॉमविच आल्बियनविरुद्ध पक्कं झालं. दुसरा गोल हार्वीचा, दुरून वरच्या कोपऱ्यात. पण इतक्या बारीक पासिंगच्या संघातही पुढे उभा होता जो रॉयल, हवेतला दांडगा, लीगमध्ये २३ गोल. डावीकडून त्याला बॉल पुरवणारा जॉनी मॉरिसी. जुनी पद्धत बाजूला ठेवलेली नव्हती, फक्त तिच्यामागे एक उत्तम मधली फळी आली होती.

तो संघ पाच-सहा वर्षं राज्य करेल असं वाटत होतं. मार्च १९७१ मध्ये चार दिवसांत सगळं फिरलं: २४ तारखेला युरोपियन कपमध्ये, युरोपातल्या लीग विजेत्यांच्या स्पर्धेत, पानाथिनाइकोसने बाहेरच्या मैदानावरील गोलाच्या नियमावर (दोन मॅच मिळून बरोबरी झाली तर प्रतिस्पर्ध्याच्या मैदानावर जास्त गोल करणारा पुढे) बाहेर काढलं, २७ तारखेला एफए कपच्या सेमीफायनलमध्ये लिव्हरपूलने २-१ हरवलं. त्याच मॅचमध्ये लॅबोन जखमी झाला. डिसेंबर १९७१ मध्ये ॲलन बॉलला २,२०,००० पौंडांना आर्सेनलला विकलं. तो निर्णय चूकच होता असं माझं ठाम मत आहे. बॉलचं वय तेव्हा फक्त २६ होतं.

बॉब लॅचफर्डला आणायला १९७४ मध्ये केंडल बर्मिंगहॅमला द्यावा लागला. हा सौदा कडू होता, पण लॅचफर्डने तो वसूल करून दिला. १९७७-७८ मध्ये एका वर्तमानपत्राने पहिल्या डिव्हिजनमध्ये ३० गोल करणाऱ्याला १०,००० पौंडांचं बक्षीस जाहीर केलं होतं. बचाव तेव्हा इतके घट्ट झाले होते की तिशी गाठणं दुर्मीळ. त्याच हंगामात क्वीन्स पार्क रेंजर्सहून डेव्ह थॉमस आला, मोजे घोट्यापर्यंत खाली, पिंडरीला गार्ड नाही, आणि डाव्या पायाने येणारे लांब वळणदार क्रॉस. शेवटच्या मॅचला, चेल्सीविरुद्ध, लॅचफर्ड २८ वर होता. एव्हर्टन एकामागून एक गोल करत सुटला आणि गोल इतरांचेच होत होते. मिक लायन्सने पाचवा केला तेव्हा स्टँडमधून आनंदापेक्षा हळहळच जास्त ऐकू आली असणार. तोवर लॅचफर्डचा एकोणतिसावा झाला होता. मग पेनल्टी मिळाली, ती लॅचफर्डने मारली, आणि मॅच ६-० संपली.

आता १९८४-८५. एव्हर्टनचा हा सर्वांत परिपूर्ण संघ, आणि उभा राहिला तो मोठ्या पैशांवर नाही. नेव्हिल साउथॉल बरीहून १,५०,००० पौंडांना. पीटर रीड बोल्टनहून ६०,००० ला, दुखापतींमुळे कुणाला नको असलेला. केव्हिन शीडी लिव्हरपूलच्या राखीव संघातून १,००,००० ला. ग्रॅम शार्प डंबार्टनहून १,२०,००० ला. अँडी ग्रे वुल्व्ह्जहून अडीच लाखांना, गुडघे आधीच झिजलेले. मॅनेजर केंडल, प्रशिक्षक हार्वी. म्हणजे जुन्या त्रिकुटातले दोघं आता बाकावर बसून तोच छोट्या अंतराचा खेळ शिकवत होते. रीड आणि पॉल ब्रेसवेल मध्ये, उजवीकडे ट्रेव्हर स्टीव्हन, डावीकडे शीडी. शीडीचा डावा पाय म्हणजे काय हे त्या वर्षीच्या एफए कपमधल्या इप्सविचविरुद्धच्या फ्री किकवर दिसलं. त्याने बॉल एका कोपऱ्यात घातला, रेफरीने किक पुन्हा घ्यायला लावली, तर त्याने शांतपणे दुसऱ्या कोपऱ्यात घातला.

बायर्न म्युनिकविरुद्धची २४ एप्रिल १९८५ ची कप विनर्स कपची, म्हणजे युरोपातल्या देशोदेशींच्या कप विजेत्यांच्या स्पर्धेची, सेमीफायनल नीट पाहण्यासारखी आहे. पहिली मॅच म्युनिकमध्ये ०-०. गुडिसनवर हाफ टाइमआधी डीटर हनेसने गोल केला, म्हणजे बाहेरच्या गोलाच्या नियमामुळे एव्हर्टनला आता दोन गोल हवेत. दुसऱ्या हाफमध्ये हत्यार ठरला राइट बॅक गॅरी स्टीव्हन्सचा लांब थ्रो-इन. थ्रो-इनवर थेट ऑफसाइड लागत नाही, त्यामुळे गोलसमोर हवी तितकी गर्दी करता येते. थ्रो उंच न टाकता सपाट टाकायचा, जवळच्या पोस्टकडे. तिथे ग्रे. बचावपटूच्या अंगावर रेलत तो डोक्याने बॉल मागे सरकवतो आणि शार्प सहा यार्डांच्या पट्टीत मोकळा सापडतो. पहिला गोल असाच. गोलकीपर जाँ-मारी फाफला आता प्रत्येक थ्रोवर बाहेर यावं की थांबावं हे ठरवावं लागत होतं. दुसऱ्या वेळी तो बाहेर आला, बॉल हुकला, आणि ग्रेने मोकळ्या गोलमध्ये सारला. तिसरा ग्रेने पुढे सोडलेल्या बॉलवर स्टीव्हनने केला. ३-१. तीन आठवड्यांनी रॉटरडॅममध्ये रॅपिड व्हिएन्नाला त्याच फरकाने हरवून कप घरी आला. लीगमध्ये ९० गुण, लिव्हरपूलपेक्षा १३ ने जास्त. सेंटर हाफ डेरेक माउंटफील्डने त्या हंगामात १४ गोल केले, बहुतेक कॉर्नर आणि फ्री किकवर पुढे जाऊन. आणि सेंटर हाफला एवढं पुढे जाता येत होतं कारण मागे कॅप्टन केव्हिन रॅटक्लिफचा वेग होता.

साउथॉलबद्दल वेगळं लिहायला हवं. एकेकाळी कचरा गाडीवर आणि विटा वाहण्याचं काम केलेला हा वेल्श माणूस एव्हर्टनसाठी ७५१ मॅच खेळला. क्लबसाठी इतक्या मॅच दुसरा कुणीही खेळलेला नाही. त्याची पद्धत अशी: समोर एकटा फॉरवर्ड आला तरी आधी खाली पडायचं नाही. पायांवर उभं राहायचं, अंग मोठं करायचं आणि निर्णय समोरच्यावर ढकलायचा. लवकर झोपणाऱ्या गोलकीपरच्या वरून बॉल उचलता येतो, उभ्या राहिलेल्याच्या नाही. ३ एप्रिल १९८५ रोजी टॉटनहॅममध्ये, विजेतेपदाच्या शर्यतीतल्या मॅचमध्ये, मार्क फॅल्कोचा जवळून आलेला हेडर त्याने बारवरून बाहेर काढला. एव्हर्टन २-१ जिंकला. त्या वर्षी फुटबॉल पत्रकारांचा सर्वोत्तम खेळाडूचा मान गोलकीपरला मिळाला. दहा वर्षांनी, १९९५ च्या कप फायनलमध्ये, पॉल रायडआउटच्या हेडरने मिळालेली १-० ची आघाडी मँचेस्टर युनायटेडविरुद्ध टिकली, तीही मुख्यतः पॉल स्कोल्सचे लागोपाठ दोन फटके साउथॉलने अडवले म्हणून.

मे १९८५ मध्ये लिव्हरपूलच्या युरोपियन कप फायनलच्या वेळी ब्रसेल्सच्या हेझल स्टेडियममध्ये प्रेक्षकांचे बळी गेले. त्या दुर्घटनेनंतर इंग्लिश क्लबांवर युरोपात बंदी आली आणि त्या संघाला युरोपियन कप खेळायलाच मिळाला नाही. १९८५ मध्ये ग्रेला पाठवून लेस्टरहून ८ लाखांना गॅरी लिनेकर आणला. त्याने लीगमध्ये ३० आणि एकूण ४० गोल केले, तरी एव्हर्टन लीग आणि कप दोन्हींत लिव्हरपूलच्या मागे राहिला. लिनेकरला बॉल बचावाच्या मागे, धावत घ्यायला हवा असायचा. त्यामुळे संघ लवकर लांब पास टाकू लागला आणि दोन्ही विंगरांचं काम कमी झालं, असं मला वाटतं. तो बार्सिलोनाला गेला आणि पुढच्याच हंगामात एव्हर्टन पुन्हा विजेता झाला. तेव्हा लीगमध्ये सर्वाधिक गोल ट्रेव्हर स्टीव्हनचे होते, १४, आणि त्याच्या मागे शीडी, १३. बॉल पुरवणारेच गोल करणारे झाले होते.

वेन रूनी या लेखात ओझरताच येतो, आणि ते मुद्दाम. ऑक्टोबर २००२ मध्ये सतरावा वाढदिवस पाच दिवसांवर असताना त्याने आर्सेनलविरुद्ध मारलेला गोल अफाट होता, पण दोन वर्षांत तो गेला आणि त्याची थोरवी दुसऱ्या क्लबच्या खात्यात जमा झाली. त्यापेक्षा टिम काहिल इथे जास्त शोभतो. मिलवॉलहून पंधरा लाख पौंडांना आलेला हा ऑस्ट्रेलियन मिडफिल्डर डीनच्याच उंचीचा, आणि त्याची युक्तीही डीनचीच: क्रॉसच्या वेळी बॉक्समध्ये उभं राहायचंच नाही. सेंटर हाफ पुढच्या फॉरवर्डाला धरून बसलेले असतात, त्यांच्या पाठीमागून हा उशिरा धावत येतो आणि उभ्या माणसाच्या डोक्यावरून बॉल घेतो. त्याला बॉल पुरवायला मिकेल आर्टेटा होता, नंतर लेटन बेन्स. बेन्स लेफ्ट बॅक असूनही खरा विंगरच होता. पुढे स्टीव्हन पिनार बॉल घेऊन आत वळायचा, प्रतिस्पर्ध्याचा राइट बॅक त्याच्यामागे आत ओढला जायचा, आणि मोकळ्या झालेल्या कडेने बेन्स धावत येऊन पहिल्याच टचला क्रॉस टाकायचा. पहिला टच का, तर बॉल थांबवला की बॉक्समधल्या बचावपटूंना वळून उभं राहायला वेळ मिळतो.

१९ मे २०२२ रोजी क्रिस्टल पॅलेसविरुद्ध एव्हर्टन हाफ टाइमला ०-२ ने मागे होता. हरला असता तर १९५४ पासून अखंड टिकवलेली वरच्या डिव्हिजनमधली जागा धोक्यात होती. मायकेल कीनने एक, रिचार्लिसनने दुसरा गोल केला. ८५ व्या मिनिटाला डेमराई ग्रेने फ्री किक टाकली, बचावपटूंची रांग मागे पळत असतानाच, गोलकीपरला बाहेर येता येणार नाही इतक्या बेताच्या अंतरावर. डॉमिनिक कॅल्व्हर्ट-ल्युइनने पुढे झेपावत तिला डोकं लावलं. त्याच्या पाठीवर ९ होता.